धसका बसलाय, मग आता? ट्रॉमा थेरपीबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारात माझी प्रॅक्टिस आहे आणि मी फक्त ट्रॉमाचंच काम करते. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना सुद्धा लोक मला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. आणि आत्ता या क्षणी जीव नकोसा झाला असेल तर इथे थांबू नका, आधी १४४१६ लावा. टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, भाषा निवडता येते.

तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मला गोळ्या लिहून देता येत नाहीत, तो सायकॅट्रिस्टचा अधिकार. बीए आणि एमए दोन्ही इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत झालं, मग दोन वर्षं बाहेरगावी एका मोठ्या मेंटल हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर राहून एम.फिल. केलं, सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड आणि रात्री जागून केस हिस्टरी लिहायच्या. त्यानंतर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन. हे कौन्सिल १९९२ च्या कायद्याने चालतं आणि माझा नंबर क्लिनिकच्या भिंतीवर लावलेला आहे, फोटो काढा आणि तपासून बघा, मला त्यात अपमान वाटत नाही. खरं तर प्रत्येकानेच असं तपासावं, माझ्याकडे या नाहीतर दुसरीकडे जा, कारण हीलर किंवा कोच अशी पाटी कोणीही लावू शकतं आणि जखम उघडी करून ती बंद करायला न येणारे लोक मी बघितलेत.

नंतर ईएमडीआरचं (डोळे हलवत आठवणीवर काम करायची पद्धत, खाली नीट सांगते) ट्रेनिंग घेतलं, शरीराच्या बाजूने ट्रॉमावर काम करायचं शिकले, योगाचा टीचर्स कोर्स केला. आजही महिन्यातून दोनदा माझ्यापेक्षा सीनियर थेरपिस्टबरोबर माझं सुपरविजन असतं, तिथे मी माझ्या केसेसवर बोलते, अर्थात नाव गाव न सांगता.

ट्रॉमा म्हणजे नक्की काय? सगळ्यांनाच काही ना काही होतंच की.

होतं. पण आपल्या आज्ज्यांकडे यासाठी शब्द होता, धसका. "पोराने धसका घेतलाय." दुःख वेगळं, काळजी वेगळी, धसका वेगळा. पोटात गोळा येणं, हातपाय गार पडणं, छातीत धस्स होणं, अंगावर काटा, घशाला कोरड, हे सगळं बघा, एकही मनाचा शब्द नाही, सगळे अंगाचे आहेत. म्हणजे मराठीला हे आधीपासून माहीत होतं की भीती अंगात बसते. पुस्तकात यायला मात्र वेळ लागला, पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर रेंगाळणारा त्रास, हे निदान अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या यादीत १९८० मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना जे होत होतं त्याला नाव द्यायलाच लागलं म्हणून.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे, त्याचं काम धोका दिसला की घंटा वाजवणं. दुसरा हिप्पोकॅम्पस, तो आठवणीवर जागा आणि वेळ टाकतो, हे तेव्हा झालं, तिथे झालं, संपलं. खूप मोठ्या धक्क्यात घंटा इतक्या जोरात वाजते की हा शिक्का नीट बसतच नाही आणि मग ती आठवण जुनी होत नाही. वास आला, आवाज आला, की परत तेच, आत्ताच चालू असल्यासारखं. म्हणून "झालं गेलं विसरून जा" म्हणून काही होत नाही, कारण त्या माणसासाठी ते झालंगेलं झालेलंच नसतं.

पुराला इतका काळ झाला, अजून त्रास होणं नॉर्मल आहे का?

बडोद्यात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, गोकुळाष्टमीला पाऊस सुरू होता आणि मग तीन दिवस अर्धं शहर पाण्यात, लाइट नाही, फोनची बॅटरी संपलेली, सोसायटीत मगर आल्याचे व्हिडिओ. माझं स्वतःचं घर समा भागात ग्राउंड फ्लोअरला आहे. पाणी आधी बाथरूमच्या जाळीतून आलं, बुडबुडे येत होते, तो आवाज मला आजही स्वच्छ ऐकू येतो. आम्ही वरच्या काकूंकडे दोन रात्री काढल्या. पाणी उतरलं, फरशी घासली, फर्निचर टाकून दिलं, सगळं झालं आणि नोव्हेंबरमध्ये माझ्या लक्षात आलं की मी कागदपत्रांची पिशवी अजून दाराच्या खुंटीलाच लटकवून ठेवलीये आणि रात्री बाथरूमच्या जाळीवर विटकरीचा तुकडा ठेवते. ट्रॉमाचं काम करणारी मी, मला सुद्धा तीन महिने कळलं नाही.

तर, पहिला महिनाभर झोप उडणं, दचकणं, चिडचिड, डोळ्यासमोर तेच येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होतं, त्यासाठी थेरपीची घाई करू नका. जेवण, झोप, आपली माणसं, रोजचं काम, एवढं पुरतं. महिना उलटला तरी कमी नाही, किंवा वाढतंय, किंवा तुम्ही त्या रस्त्याने जाणंच बंद केलंय, पाऊस आला की ऑफिसमधून निघून येताय, तेव्हा कोणाला तरी दाखवा. काही जणांना सुरुवातीला काहीच होत नाही आणि सहा महिन्यांनी, वर्षाने उसळून येतं, तेही खरंच असतं, नाटक नसतं. आणि दरवर्षी गोकुळाष्टमीच्या आसपास अंग जड होत असेल, विनाकारण रडू येत असेल, तर ते विनाकारण नाही, अंगाला तारीख आठवते.

मला काय झालं ते सगळं सांगावं लागेल का?

नाही. नाही म्हणजे नाही.

या एका प्रश्नामुळे कितीतरी लोक जिन्यापर्यंत येऊन परत जातात. ट्रेनिंगमध्ये असताना मी एक चूक केली होती, ती सांगते. एक ताई आल्या होत्या, दुसऱ्याच भेटीत मला वाटलं की बोलल्या की मोकळ्या होतील आणि मी विचारत गेले, मग काय झालं, मग पुढे काय झालं. त्या सांगत गेल्या. आवाज सपाट होत गेला, डोळे माझ्या मागच्या भिंतीवर, हात मांडीवर उलटे पडलेले, आणि मला वाटलं किती छान सेशन झालं. त्या परत आल्या नाहीत. माझ्या सुपरवायझरने मला एवढंच विचारलं की त्या सांगत होत्या तेव्हा खोलीत होत्या का? नव्हत्या. मी त्यांना परत तिथे नेऊन सोडलं होतं आणि एकटीच परत आले होते. ते मी विसरलेले नाही आणि माझी कामाची पद्धत तिथून बदलली.

आता मी तीन टप्प्यात काम करते, हे माझं काही नवीन नाही, जुडिथ हर्मन या सायकॅट्रिस्टने १९९२ मध्ये मांडलेली वाट आहे आणि त्याचं मूळ त्याच्याही आधीचं. आधी सुरक्षितता, म्हणजे झोप लागणं, अंग शांत करता येणं, घरात धोका असेल तर त्याचं काहीतरी करणं. मग आठवणीवर काम. मग परत जगण्यात शिरणं, कामात, नात्यात, सणावारात. पहिल्याच टप्प्यावर काही जणांचं इतकं बरं होतं की त्यांना दुसरा नकोच असतो आणि ते चालतं. आठवणीवर काम करतानाही शब्दात सांगायलाच लागतं असं नाही, "ती रात्र" एवढं म्हटलं तरी मला पुरतं. किती उघडायचं, कुठे थांबायचं ते तुमच्या हातात. हात वर केला की मी गप्प बसते, वाक्य अर्धं असलं तरी.

होलिस्टिक म्हणजे काय, रेकी चक्र वगैरे का?

नाही हो. पाटीवर हा शब्द मी खूप विचार करून लिहिला आणि अजूनही त्याबद्दल मला लोकांना समजावायला लागतं. माझ्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की माणसाला तुकड्यात बघायचं नाही. तुम्ही पॅनिकसाठी आलात तर मी झोपेबद्दल विचारेन, जेवता का विचारेन, दिवसात चहा किती होतो, पाळी, थायरॉइड, बी१२ कधी तपासलं, घरात तुमचं दार बंद होतं का, पैसे कोणाच्या हातात आहेत, शेवटचं मनापासून हसलात ते कोणाबरोबर. कारण थायरॉइड वाढलेला असला तरी छाती धडधडते आणि त्यावर मी महिनोन्महिने बालपण उकरत बसले तर तो अन्याय आहे. आधी रिपोर्ट, मग मी.

आणि शरीर म्हणजे योग, श्वास, चालणं. पण इथे एक महत्त्वाचं. ट्रॉमा असलेल्या माणसाला "डोळे मिटा आणि श्वासावर लक्ष द्या" सांगितलं की काही जणांना शांत वाटायच्या ऐवजी सगळं अंगावर येतं, शिबिरातून रडत उठून आलेले लोक माझ्याकडे येतात आणि त्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे, ध्यानसुद्धा जमत नाही. खोट नाही. माझ्याकडे डोळे उघडे ठेवूनच करायचं, पाय जमिनीला लावून, श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष, कारण सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी कमी होते, श्वास हळू आणि लांब सोडला की अंगाला "सुटलो" असा निरोप जातो.

क्लिनिकमध्ये झोपाळा का आहे?

सगळे विचारतात! तो माझ्या आज्जीचा सागवानी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. बडोद्यात मराठी काय गुजराती काय, घरात हिंचको असतोच. सुरुवातीला जागा होती म्हणून लावला. मग एक मुलगी यायची, कॉलेजातली (तिची माहिती मी बदललीये), समोरासमोर खुर्चीत बसलं की तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. एक दिवस ती स्वतःच झोपाळ्यावर जाऊन बसली आणि पायाच्या अंगठ्याने फरशीला हलकासा रेटा द्यायला लागली. कडी कुरकुरायची, रेटा, कुर्र, रेटा, कुर्र, दहा मिनिटं काहीच नाही बोलली. खांदे कानापासून खाली आले. मग माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, मी झोपेत दार बघते, बंद आहे का." ते तिचं पहिलं वाक्य होतं.

एका लयीत हलण्याने अंग शांत होतं हे कुठल्याही आईला पाळण्यावरून माहिती आहे. शिवाय झोपाळ्यावर कोणाच्या नजरेत नजर घालायला लागत नाही आणि किती जोरात हलवायचा ते तुमच्या पायात असतं. ज्याच्यावर काहीतरी लादलं गेलंय त्याला स्वतःचा वेग स्वतः ठरवायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. कड्यांना तेल मी मुद्दाम घालत नाही, तो आवाज बऱ्याच जणांना हवा असतो.

ईएमडीआर म्हणजे हिप्नोटिझम का?

नाही. तुम्ही पूर्ण जागे असता, कधीही थांबवू शकता. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास हे सुरू केलं, आठवणीचा एक तुकडा मनात धरायचा आणि त्याच वेळी डोळे डावीकडून उजवीकडे हलवायचे किंवा दोन्ही गुडघ्यांवर आलटून पालटून टिचक्या द्यायच्या. का काम करतं यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे, एक समजूत अशी की मनाची पाटी छोटी असते, दोन कामं एकदम दिली की आठवणीचा रंग फिका पडतो. पण उपयोग होतो यावर पुरावा चांगला आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ट्रॉमावरच्या सीबीटीबरोबर, म्हणजे विचार आणि वागणं यावर काम करणाऱ्या थेरपीबरोबर, याचीही शिफारस केली. आठवण पुसली जात नाही बरं का. ती राहते, फक्त चावत नाही.

किती सेशन्स लागतील?

एकच घटना, अपघात किंवा पूर, बाकी आयुष्य बऱ्यापैकी धड, तर बऱ्याच जणांचं दहा-बारा भेटीत होतं. लहानपणापासून वर्षानुवर्षं मार, छळ, दुर्लक्ष, तर ते वेगळं काम आहे, त्याला आता आयसीडी ११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं नाव आहे, त्याला वर्ष किंवा जास्तही लागतं. "एका सेशनमध्ये ट्रॉमा रिलीज" असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

गोळ्या घ्याव्या लागतील? सवय लागेल का?

सगळ्यांना नाही. झोपच नाही, जेवणच नाही, मरायचे विचार, अशा वेळी मी सायकॅट्रिस्टकडे पाठवते आणि दोन्ही बरोबर चालतं. पैशाची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटल आहे, कारेलीबागेतलं सरकारी हॉस्पिटल आहे. यात ज्या गोळ्या सहसा देतात त्या डिप्रेशनच्याच, त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती मेडिकलमधून मागून आणलेल्या झोपेच्या गोळीची. शेजारच्या काकूंची गोळी घेऊ नका, प्लीज.

घरी कळेल का?

माझ्याकडून नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे. नवऱ्याचा फोन आला, सासूबाई जिना चढून आल्या, तरी तुम्ही माझ्याकडे येता की नाही हेही मी सांगत नाही. दांडिया बाजार लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून दोन भेटींच्या मध्ये मी वीस मिनिटं रिकामी ठेवते, जिन्यात कोणी समोरासमोर येऊ नये म्हणून.

अपवाद पहिल्या दिवशीच सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर, कोर्टाने मागितलं तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने, २०१२ चा, मला पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी सांगितल्यामुळे काही जण गप्प होतात हे मला माहितीये आणि त्याचं वाईट वाटतं, पण न सांगता नंतर कळवणं म्हणजे त्या मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात.

घरच्यांनी काय करायचं?

विचारत राहू नका. "आता तरी सांग काय झालं" हे दर जेवणाला नको. तुलना नको, "आमच्या वेळी आम्ही काय काय सोसलं" हे तर अजिबात नको. पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, समोरून या, आवाज द्या. रात्री तुमची मुलगी, बहीण किंवा सून दचकून उठली तर दिवा लावा, आपलं नाव सांगा, आज कुठला वार आहे ते सांगा, पाणी द्या, हातात थंड स्टीलचा पेला नुसता धरायला दिला तरी माणूस परत येतं. आणि रोजचं चालू ठेवा, चहा, भाजी निवडणं, संध्याकाळचा दिवा, कमाटीबागेत एक चक्कर. तुम्ही थेरपिस्ट व्हायची गरज नाही, तिचा बाबा, तिचा भाऊ, तिची सासू रहा.

मराठीत बोलू की गुजरातीत?

ज्यात येईल त्यात. आपल्याकडे लोक दिवसभर दुकानात गुजराती, मुलांशी हिंदी इंग्लिश, देवापुढे मराठी. माझा अनुभव असा की भीती लहानपणीच्या भाषेत बसलेली असते. एक गृहस्थ पूर्ण सेशन गुजरातीत बोलायचे, फर्राटेदार, आणि एका जागी आले की "आई गं" म्हणून थांबायचे. आम्ही मग त्या जागेपासून मराठीत गेलो. दोन्हीची सरमिसळ करा, मी बडोद्याचीच आहे.

घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे, उतारा केलाय.

मी कोणाची श्रद्धा काढून घेत नाही. रामरक्षा म्हणून झोप लागत असेल तर जरूर म्हणा, रोजच्या लयीतलं पाठांतर खरंच शांत करतं. पण मारणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं, केस ओढणं असलं काही होत असेल तर तो उपचार नाही, तो नवीन ट्रॉमा आहे, तिथे मी स्पष्ट बोलते.

मुलांना आणता येतं का?

सहा वर्षांपुढची. लहान मुलं सांगत नाहीत, खेळतात, तीच गाडी तीच आपटाआपटी परत परत, किंवा परत गादी ओली करायला लागतात, आईला सोडत नाहीत. ओरडू नका. टीव्हीवर त्याच घटनेच्या बातम्या चालू असतील तर आधी टीव्ही बंद करा.

फी, इन्शुरन्स, ऑनलाइन?

एका भेटीचे १२०० रुपये, पन्नास मिनिटं, ईएमडीआर असेल तर दीड तास त्याच फीमध्ये. सोमवारी दुपारचे चार स्लॉट अर्ध्या फीचे, कारण विचारत नाही. कायद्याने इन्शुरन्समध्ये मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा आहे, पण बऱ्याच पॉलिसी अ‍ॅडमिट झालात तरच देतात, ओपीडीतल्या थेरपीला नाही, तुमचे कागद वाचून घ्या. ऑनलाइन करते, पण घरात एक दार बंद होणारी खोली असेल तरच, गच्चीवर किंवा गाडीत बसून सुद्धा लोक करतात आणि चालतं.

तुम्हाला या सगळ्याचा त्रास होत नाही का?

होतो. म्हणून दिवसाला पाचपेक्षा जास्त जण बघत नाही, आणि पुरानंतर मी स्वतः चार महिने दुसऱ्या थेरपिस्टकडे जात होते. जाळीवरची वीट आता नाही.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

जुन्या फाइली, रिपोर्ट असतील तर आणा, नसतील तर राहू दे. सोबत कोणी यायचं असेल तर येऊ दे, बाहेर बाकावर पंखा आहे. जिना जुना आहे, लाकडी, तिसरी पायरी वाजते, घाबरू नका. चपला बाहेर. आत आल्यावर खुर्ची, गादी, झोपाळा, काहीही निवडा, चहा हवा की पाणी ते सांगा. मग मी विचारेन की दार लावू की उघडं ठेवू. बरेच जण म्हणतात तुम्हाला जसं बरं वाटेल तसं. मी थांबते, तुम्ही सांगेपर्यंत.